दीड दोनदा वाजला

3 नोव्हेंबर 2024, रविवार, भाऊबीज. साताऱ्याला ताईकडे पाटावर बसलो होतो. डोक्यावर टोपी, समोर ताट घेतलेली ताई, आणि मांडीखालचा फोन थरथरायला लागला. त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे सिस्टिम बिघडली की धावायची पाळी, माझ्याकडे. रविवारची दुपार भारतातल्या माणसाला द्यायची, कारण शिकागोत तेव्हा मध्यरात्र असते, असा टीमचा सरळ हिशेब. त्यात सणवार धरलेले नसतात.

क्लायंट शिकागोचा, आठवड्याची भाजी पेटीत भरून घरपोच देणारा. दर रविवारी तिथल्या रात्री 1:30 ला ग्राहकांच्या कार्डावरून पैसे कापणारा जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, चालतो. त्या दिवसांत आपल्याकडे तेव्हा दुपारचे बारा. त्या दिवशी बाराला तो नेहमीसारखा चालला, आणि एक वाजता पुन्हा चालू झाला.

"ताई, दोन मिनिटं गं."

"तुझी दोन मिनिटं म्हणजे तासाची निश्चिंती," म्हणत तिने ताट खाली ठेवलं.

आधी नळ बंद, मग फरशी पुसायची. जॉब चालवणारे वर्कर थांबवले, तोवर पावणेदोनशे कार्डांवर दुसऱ्यांदा चार्ज पडला होता. मग बर्लिनच्या सहकाऱ्याला हडल (कॉल) लावून उठवलं. तिथे सकाळचे साडेआठ. दोघांनी लॉग उघडला: एक नोंद 06:30 ची, दुसरी 07:30 ची, दोन्ही यूटीसी, म्हणजे कधीच मागेपुढे न होणारी जागतिक वेळ. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "आज शिकागोचं घड्याळ मागे गेलं ना?"

त्याच्याकडचं 27 ऑक्टोबरलाच गेलं होतं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री 2 चा 1 होतो, म्हणजे दीड दोनदा वाजतो. मार्चमध्ये 2 चे थेट 3 होतात, तेव्हा दीडला धक्काही लागत नाही, म्हणून वसंतात आम्ही निर्धास्त. डेबियन लिनक्समधला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी जॉब चालवणारा प्रोग्राम, असली पुनरावृत्ती ओळखून जॉब परत चालवत नाही. पण आम्ही हौसेने स्वतःचा शेड्युलर लिहिलेला. तो बिचारा भिंतीवरचं घड्याळ बघायचा, दीड वाजला की पळायचा.

खरी चूक मात्र त्याहून खोल होती, आणि माझी होती. कार्डाचे पैसे कापून देणाऱ्या पेमेंट गेटवेला दोनदा तीच आयडेम्पोटन्सी ‘की’ (व्यवहाराची ओळखखूण) पाठवली तर तो दुसऱ्यांदा पैसे कापत नाही. मी ही ‘की’ बनवली होती ग्राहक क्रमांक आणि जॉब चालल्याची वेळ जोडून. वेळ बदलली, म्हणून ‘की’ बदलली, गेटवेच्या दृष्टीने तो नवाच व्यवहार.

व्यवहार सेटल झालेले नव्हते, म्हणजे पैसे प्रत्यक्ष सरकले नव्हते, त्यामुळे रिफंडऐवजी व्हॉइड (रद्द) करता आले. स्क्रिप्ट मी लिहिली, बर्लिनवाल्याने वाचली, पहिली पाच कार्डं हाताने तपासली, मग बाकीची सोडली. क्लायंटसाठी सगळा घटनाक्रम एका डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेवला, तो उठेल तेव्हा पहिलं तेच दिसावं म्हणून.

पावणेतीनला पाटावर परत. काय झालं ते ताईला सांगितलं. "लोकांचे दोनदा घेतलेस? मग मलाही दोनदा घाल ओवाळणी," ती म्हणाली. घातली.

संध्याकाळी दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट (बदललेला कोड इतरांनी तपासायला) टाकली: शेड्युलर यूटीसीवर, आणि ‘की’ म्हणजे ग्राहक क्रमांक अधिक तारीख. पाच मिनिटांत बर्लिनहून कॉमेंट आली: "तारीख कुठली? यूटीसीची की शिकागोची?"

चकलीचा डबा बाजूला सारला आणि तारखेच्या जागी ऑर्डर क्रमांक टाकला.