गोल सेव्ह झाला, पण आरडाओरडा?

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पेठांच्या तालमी, म्हणजे पाटाकडील, दिलबहार असे पेठापेठांचे संघ. मोसम सुरू असला की आमच्या दुपारी तिथल्या पायऱ्यांवर जातात. पावसाळ्यात मैदान बंद पडलं की तीच ईर्षा मंगळवार पेठेतल्या एका मित्राच्या माडीवर चढते. टीव्ही, प्लेस्टेशन नावाचा गेमिंग कन्सोल, दोन कंट्रोलर आणि सात-आठ माणसं. आमच्यात पाटाकडीलवाले आहेत, दिलबहारवाले आहेत, आणि वर्ल्डकप आला की ब्राझील-अर्जेंटिना अशी आणखी एक वाटणी होते. रविवारी रात्री ज्याला जे काय म्हणायचंय, ते तो कंट्रोलर हातात घेऊन म्हणतो.

मी पोटापाण्यासाठी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्यामुळं या माडीवरच्या क्लिप्स सांभाळायचं काम आपसूकच माझ्याकडं आलं आणि मला ते मनापासून आवडतं. आम्ही खेळतो तो फुटबॉलचा गेम आधी फिफा होता, २०२३ पासून त्याचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालं. खेळ तोच, भांडणंही तीच. पण या सगळ्या काळात एक गोष्ट पक्की कळली, तेवढीच इथं सांगायची आहे: कन्सोल फक्त गोल सेव्ह करतो. गोल झाला तेव्हा त्या खोलीत काय झालं, ते सेव्ह करायचं असेल तर आपणच हात-पाय हलवावे लागतात.

आधी कन्सोल काय करतो ते बघू. पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४, २०१३ च्या शेवटी आला, तेव्हा त्याच्या कंट्रोलरवर 'शेअर' नावाचं बटण होतं. बऱ्याच जणांना वाटतं, बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. तसं नाही. आपण खेळायला लागलो की कन्सोल आपणहून रेकॉर्ड करतच असतो. शेवटची १५ मिनिटं तो धरून ठेवतो, पुढचं येईल तसं सगळ्यांत जुनं पुसत जातो. आपण बटण दाबून 'सेव्ह' म्हटलं की त्या घडीला त्याच्याजवळ जे शिल्लक असेल त्याची फाइल होते. हे काम चिपमधला वेगळा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ तयार करणारा भाग, करतो, म्हणून खेळ अडखळत नाही. सेटिंगमध्ये ही मुदत ३० सेकंदांपासून ६० मिनिटांपर्यंत ठेवता येते. आम्ही सहा-सहा मिनिटांचे हाफ खेळतो, त्यामुळं रिप्ले आणि जल्लोष धरूनसुद्धा बहुतेक अख्खी मॅच १५ मिनिटांत बसते. शेवटची शिट्टी वाजली की कंट्रोलर आधी माझ्याकडं, मग पुढची मॅच, असा माडीवरचा नियम आहे.

नियम करायचं कारण साधं आहे. बटण एकदा दाबलं तर मेनू उघडतो, लागोपाठ दोनदा दाबलं तर नवीन रेकॉर्डिंग सुरू होतं. पीएस४ वर ते नवीन सुरू झालं की आधीचं साठलेलं हाताला लागत नाही. गोल मारलेल्या माणसाचा अंगठा थरथरत असतो, तो दोनदाच पडतो.

आता आवाजाकडं येतो, कारण माझा जीव तिथं आहे.

सेव्ह केलेल्या क्लिपमध्ये खेळाचा आवाज येतो: कॉमेंटेटर, प्रेक्षकांचा गोंगाट, बॉलला लाथ बसल्याचा ठोका. हे सगळं गेम बनवणाऱ्यांनी भरलेलं आहे आणि जगात ज्यानं कुणी तसा गोल मारला त्याच्या क्लिपमध्ये तेच ऐकू येतं. आमच्या माडीवरचं त्यात काहीच नसतं. सुरुवातीला आम्ही क्लिप्स परत लावून बघायचो आणि सगळे शांत बसायचो. गोल तोच, पण बघताना अंगावर काही येत नव्हतं. मी रोज लग्नांचं फुटेज बघतो. हळदीच्या व्हिडिओतला बायकांचा गलका काढून नुसती सनई लावली तर काय उरतं ते मला माहीत आहे.

उपाय मात्र कन्सोलमध्येच आहे. क्लिपमध्ये मायक्रोफोनचा आवाज घ्यायचा की नाही, यासाठी एक वेगळी सेटिंग असते आणि बहुतेकांकडं ती बंद असते. पीएस४ च्या खोक्यात एका कानाचा एक साधा इयरफोन यायचा, वायरीला छोटा माइक असलेला. कुणीही तो वापरत नाही, तो खोक्यातच राहतो. मी तो काढला, कंट्रोलरला लावला, कानात न घालता टीपॉयवर ठेवला आणि ती सेटिंग चालू केली. पीएस५ वर तर त्याचीही गरज नाही, कंट्रोलरमध्येच माइक आहे. फक्त मधलं छोटं बटण दाबून तो बंद केलेला नाही ना, एवढं बघायचं. तिथं नारिंगी दिवा पेटलेला असेल तर माइक मुका आहे.

एक अडचण येते. माइक टीव्हीचा आवाजही पकडतो. मग कॉमेंटेटर दोनदा बोलतो, एकदा आतून आणि एकदा किंचित उशिरा खोलीतून. टीव्हीचा आवाज कमी ठेवायचा आणि माइक टीव्हीपासून लांब, माणसांच्या बाजूला ठेवायचा. तेवढ्यानं भागतं.

त्यानंतरची एक क्लिप सांगतो. ८९ वं मिनिट, अर्जेंटिना १-२ नं मागं, उजवीकडून कॉर्नर. क्लिपमध्ये आधी कुजबुज आहे, "लांबच्या खांबाला टाक, लांबच्या." मग कुणीतरी सुपारी कातरल्याचा आवाज. तो इतका स्वच्छ आला आहे की मी चकित झालो. बॉल वर जातो तेव्हा खोलीत कुणीही बोलत नाही. हेडर, जाळं, आणि मग आवाज फाटतो. एडिटिंगमध्ये त्या जागेचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, भिंतीसारखा सपाट दिसतो, माइकला तेवढं झेपलेलंच नाही. त्या गोंधळातून पहिलं कळणारं वाक्य म्हणजे "काटा किर्रर्र, भावा!" दुसरं खालून आलेलं, मित्राच्या आईचं, "हळू रे! पाहुणे बसल्यात हितं!" आणि तिसरं गोल खाल्लेल्याचं, अगदी शांत, "ऑफसाइड होता तो." त्यावर चौघं एकदम तुटून पडतात, कारण कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, हे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या कुणालाही कळतं. गोल सहा सेकंदांचा आहे. क्लिप मी एक मिनिटाची ठेवली आहे आणि त्यातलं एक सेकंदही कापायची माझी तयारी नाही.

लोक क्लिप कापताना गोलच्या आधी आणि नंतर फार कमी ठेवतात. माझं मत असं की आधीची दहा-पंधरा सेकंदं तरी हवीत, बॉल कुठून आला ते कळायला. नंतरची त्याहून जास्त हवीत. माणसं नंतर बोलतात.

पुढचा प्रश्न जपण्याचा. क्लिप कन्सोलमध्ये आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, असं अजिबात नाही. आमच्यातल्या एकाचा पीएस४ हार्ड डिस्कसाठी दुरुस्तीला गेला, तिथं तो पूर्ण पुसून नव्यानं चालू करून दिला. खेळाची प्रगती परत आली, कारण प्लेस्टेशन प्लस ही पैसे भरून घ्यायची सेवा घेतली असेल तर सेव्ह डेटा क्लाउडवर जातो. व्हिडिओ त्या क्लाउडवर जात नाहीत. दोन मोसमांच्या सगळ्या मॅचेस गेल्या. त्यात आता जर्मनीला गेलेल्या आमच्या मित्राच्या कित्येक मॅचेस होत्या, त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून रविवारी उठायच्या आधी पेनड्राइव्ह लावायचा. कॅप्चर गॅलरीत जाऊन क्लिप्स निवडायच्या आणि यूएसबीवर कॉपी करायच्या. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. फॅट३२ सुद्धा चालतो, पण त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, आणि पीएस५ वर लांब मॅच घेतली तर ती मर्यादा आड येऊ शकते. पेनड्राइव्हवर पीएस४ नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात शेअर, त्यात व्हिडिओ क्लिप्स, त्यात खेळाच्या नावाचा फोल्डर. फाइलच्या नावात खेळाचं नाव आणि तारीख-वेळेचा लांबलचक आकडा असतो. त्या आकड्यावरून वर्षभरानं काहीही आठवत नाही. मी त्याच रात्री नाव बदलतो: तारीख, कोण विरुद्ध कोण, स्कोअर आणि एक खुणेचा शब्द. 'कॉर्नर', 'लाइट गेली', 'काकू'. मग एक प्रत ऑफिसच्या डिस्कवर, एक घरच्या. लग्नाचं फुटेज मी असंच ठेवतो आणि याला त्याहून कमी लेखायचं मला कारण दिसत नाही.

पीएस५ वर एक सोय चांगली आहे. ऑटो-अपलोड चालू केलं की क्लिप प्लेस्टेशनच्या मोबाइल ॲपमध्ये आपोआप येते. पण ती तीन मिनिटांपेक्षा मोठी किंवा ४के असेल तर येत नाही, आणि आलेली १४ दिवसच राहते. ग्रुपवर पटकन टाकायला ठीक, साठवायला नाही. दुसरं, पीएस५ च्या सेटिंगमध्ये वेबएम आणि एमपी४ असे दोन फाइल प्रकार आहेत. डोळे झाकून एमपी४ घ्या. वेबएम पाठवलं की अर्धा ग्रुप 'उघडत नाही' म्हणतो.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला तर तो दाबला जातो, आणि फुटबॉलचं त्यात सगळ्यांत जास्त नुकसान होतं. स्क्रीनभर बारीक पोताचं गवत आणि सतत सरकणारा कॅमेरा, हे दोन्ही कॉम्प्रेशनला झेपत नाही. गवताचे हिरवे चौकोन होतात आणि बॉल त्यात हरवतो. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जशी आहे तशी जाते, २ जीबीपर्यंत. रीलसाठी उभी कापायचा मोहही टाळा. बाजूच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खेळाचे दोन्ही कडेचे तुकडे काढले तर क्रॉस देणारा गेला, कोपऱ्यातला स्कोअरही गेला. गोल कुणी केला एवढंच उरतं.

जर्मनीवाल्याला गोलांच्या क्लिप्स नको असतात, त्याला अख्खी मॅच हवी असते. सोमवारी सकाळी कामावर जाताना ट्रेनमध्ये तो ती बघतो आणि मधल्याच कुठल्यातरी मिनिटाचा आकडा मला पाठवतो: "इथं मागं कोण हसतंय?"

दुसऱ्या कन्सोलवाल्यांसाठी थोडक्यात. माझ्या पुण्याच्या मावसभावाकडं एक्सबॉक्स आहे. तिथं क्लिप एक्सबॉक्सच्या सर्व्हरवर चढवता येते, पण २०२४ पासून ९० दिवसांपेक्षा जुन्या क्लिप्स तिथून काढून टाकल्या जातात. त्याला वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन साठवण, जोडून दिलं आहे. त्याच्या मुलीकडं दुबईहून आणलेला निन्टेन्डोचा स्विच आहे. त्यात कॅप्चरचं बटण दाबून धरलं की शेवटची ३० सेकंदं सेव्ह होतात, तीही सगळ्या खेळांत नाही. मग क्यूआर कोड दाखवून ती फोनवर घेता येतात. पूर्वी प्लेस्टेशन आणि स्विचवाली मंडळी क्लिप ट्विटरवर टाकून तिथून उतरवून घ्यायची. प्लेस्टेशनवरचा तो रस्ता नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाला, स्विचवरचा जून २०२४ मध्ये. फाइल आपल्या हातात आहे का, हे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारतो.

यूट्यूबवर टाकणार असाल तर मेनूतली गाणी कापून टाका. ती कंपन्यांच्या मालकीची असतात आणि कॉपीराइटचा दावा येतो. मॅचमधल्या आवाजावर आम्हाला तसा दावा आजवर आलेला नाही.

खोलीतल्या आवाजावर मात्र हक्क आहे, त्या-त्या माणसाचा. माडीवर कुणी कुणाला काय म्हणतं ते ग्रुपपुरतंच. ग्रुपच्या बाहेर क्लिप जायची असेल तर तिच्यात ज्याचा आवाज आहे त्या प्रत्येकाला मी आधी ऐकवतो. कॉर्नरवाली क्लिप सगळ्यांना हवी होती, म्हणून काकूंनाही ऐकवली. हेडफोन लावून त्यांनी ती दोनदा ऐकली. म्हणाल्या, "माझं ओरडणं राहू दे. ते पाहुणे बसल्यात म्हटलेलं तेवढं काप. त्यांच्या ग्रुपवर गेलं तर त्यांना वाटेल आम्हाला त्यांची अडचण झाली."

आता त्या क्लिपच्या दोन फाइली आहेत. पाहुण्यांच्या ग्रुपवर गेलेल्या फाइलीत काकू फक्त "हळू रे!" म्हणतात. माडीच्या फोल्डरमधलीत पूर्ण वाक्य आहे, आणि तिच्या नावात मी शेवटी 'पाहुणे' जोडलंय.