नव्या टाइलचे सांधे भुसभुशीत झाले तर

बाथरूमची टाइल बसवून महिना होत नाही तोच सांध्यांतून भुकटी निघायला लागते. मिस्त्रीला बोलावलं की तो वरून पांढऱ्या सिमेंटचा एक हात मारून जातो. हे करू देऊ नका. इतक्या पातळ थराला धरायला जागाच नसते, थोड्याच दिवसांत खपल्या निघतात. सांधा उकरूनच भरावा लागतो.

त्याआधी कारण शोधा. नाण्याच्या कडेने ओरखडून पाहा. भुकटी पडली, तर बहुधा माल पातळ कालवलेला असतो. बादलीत पातळ घोळ करून ओतायचा आणि वायपरने ओढायचा, ही घाईची पद्धत. जास्तीचं पाणी उडून गेलं की आत बारीक छिद्रं राहतात. चिरा एकाच टाइलच्या चारही बाजूंना असतील, तर ती टाइल ठोकून बघा. पोकळ वाजली तर टाइलच काढून पुन्हा बसवा, कारण हलणाऱ्या टाइलशेजारी कुठलाच सांधा टिकत नाही. सांधा कठीण असून नुसता रंग ढगाळ दिसत असेल तर उकरू नका. आणि डाग काढायला ॲसिड तर अजिबात नको, ते सिमेंटच खातं.

उकरताना टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोल जायचं. 8 मिमी टाइल असेल तर 5 ते 6 मिमी. ग्राउट रेक (सांध्यातला माल, म्हणजे ग्राउट, उकरायचं हातातलं हत्यार) किंवा हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरा. ग्राइंडर घसरला की टाइलची कड उडते आणि तशाच रंगाची टाइल पुन्हा मिळेलच असं नाही. धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने पूर्ण काढा.

आता भरायचं कशाने? बाथरूमच्या जमिनीला माझं मत इपॉक्सीला, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनच्या ग्राउटला. 5 बाय 7 फुटांची जमीन, 1 फुटी टाइल, 3 मिमी सांधा आणि 8 मिमी खोली धरली तरी माल किलोच्या आतच लागतो. सांधे मात्र पूर्ण कोरडे हवेत. पावसाळ्यात पंखा लावून दोन दिवस थांबा. रेझिन, हार्डनर आणि पावडर पॅकवरच्या मापानेच घ्या, पण एका वेळी थोडंच कालवा. उन्हाळ्यात माल फार लवकर घट्ट होतो. रबरी थापीने तिरकं दाबून भरा आणि लगेच कोमट पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या स्क्रबने गोल घासून पुसा. खरखरीत अँटिस्किड टाइलच्या खाचांत राहिलेली इपॉक्सी वाळली की निघता निघत नाही, म्हणून तिथे आधी मास्किंग टेप लावा.

सिमेंटचं ग्राउट वापरणार असाल, तर कालवून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि वरून पाणी न घालता पुन्हा ढवळा. पुसायचा स्पंज घट्ट पिळलेला हवा. ओथंबलेल्या स्पंजाने रंग धुऊन जातो.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको. तिथे हालचाल असते, चीर पडतेच. बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. नहाणी ट्रॅपच्या जाळीभोवतीही तेच.