जर्मनीत फिटर चालतो, वेल्डर अडतो

जळगावच्या किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत पाच वर्षं हात काळे केलेला फिटर आणि तेवढीच वर्षं राबलेला वेल्डर, दोघांच्या पगारात फारसं अंतर नसतं. कधी कधी वेल्डरच वरचढ असतो. जर्मनीच्या व्हिसासाठी मात्र दोघांच्या वाटा पहिल्याच कागदाला फुटतात. आयटीआयचे फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. जर्मनीचा कायदा आधी एवढंच विचारतो: तुमच्या देशाच्या सरकारने मान्य केलेलं, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे का? हातात कसब किती, हा प्रश्न त्यानंतरचा. खासगी इन्स्टिट्यूटचा सहा महिन्यांचा डिप्लोमा तर इथे हिशेबातच धरत नाहीत.

गावात सध्या बोलबाला आहे तो करारांचा, म्हणून त्यांचं आधी सांगून टाकू. 5 डिसेंबर 2022 रोजी दिल्लीत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर आणि जर्मनीच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री अनालेना बेअरबॉक यांनी स्थलांतर आणि ये-जा सुलभ करणाऱ्या करारावर सह्या केल्या. 2023 च्या मार्चपासून तो लागू आहे. त्याची एक बाजू सगळ्यांना ठाऊक आहे: विद्यार्थी, कामगार, नोकरी शोधणारे यांना वाट मोकळी. दुसरी बाजू एजंटच्या पत्रकात कधी छापत नाहीत. बेकायदा राहणाऱ्या आपल्या नागरिकांची ओळख पटवून त्यांना परत घ्यायचं, हेही भारताने त्याच करारात कबूल केलं आहे. दार उघडायच्या बदल्यात मागच्या खिडकीला कुलूप, असा तो सौदा. म्हणून ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बघू’ हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. शेंगेन व्हिजिट व्हिसाचा कामाचा व्हिसा तिथे बसून होत नाही. परत येऊन पहिल्यापासून अर्ज करावा लागतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये कुशल भारतीयांसाठीचे व्हिसे वर्षाला 20,000 वरून 90,000 पर्यंत नेण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात 10,000 तरुणांचा. आकडे मोठे आहेत, पण करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. नोकरी देणारी असते ती कंपनी, हॉस्पिटल किंवा वर्कशॉप.

आयटीआयवाल्यासाठी खऱ्या वाटा तीन.

पहिली अनुभवाची. दोन वर्षांचं मान्य प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव आणि वर्षाला किमान 43,470 युरो पगाराची ऑफर. हा 2025 चा आकडा आहे, तो दर जानेवारीत बदलतो. कंपनी युनियनच्या वेतन करारात असेल आणि त्याप्रमाणे पगार देत असेल तर ही अट सैल होते. या वाटेवर जर्मनीत सर्टिफिकेटची समकक्षता (म्हणजे ते तिथल्या सर्टिफिकेटच्या तोडीचं आहे का) ठरवून घ्यावी लागत नाही आणि कायदा जर्मन भाषेची अटही घालत नाही. शॉप फ्लोअरवरचा मास्टर घालतो, ते वेगळं. वय 45 च्या पुढे असेल तर पगार 53,130 युरो (हाही 2025 चा आकडा) हवा किंवा म्हातारपणाची सोय दाखवावी लागते.

दुसरी वाट मार्च 2024 पासूनची: आधी या, कामाला लागा, समकक्षतेची प्रक्रिया जर्मनीत राहून पूर्ण करा. त्याला नोकरीचा करार आणि ए2 पातळीची (ए1 ते सी2 या सहा पायऱ्यांतली दुसरी) जर्मन लागते. परवाना आधी एक वर्षाचा, वाढवून तीन वर्षांपर्यंत. आमच्या मते फिटर-इलेक्ट्रिशियनसाठी हीच सगळ्यात सरळ. फिटरचे कागद न्युरेनबर्गच्या आयएचके फोसा या कार्यालयात तपासले जातात. फी साधारण 100 ते 600 युरो, कागद किती गुंतागुंतीचे आहेत त्यावर.

तिसरी शांसेनकार्टे, म्हणजे नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना, 1 जून 2024 पासूनचा. सहा गुण लागतात. 28 वर्षांच्या फिटरचा हिशेब मांडून बघा: पस्तिशीच्या आत म्हणून 2, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून 3, ए2 जर्मनचा 1. झाले सहा. कागदावर सोपं वाटतं. अडतं ते पैशावर. महिन्याला 1,091 युरो या 2025 च्या दराने वर्षाचे 13,092 युरो ब्लॉक खात्यात दाखवायचे. युरो 100 रुपयांचा धरला तर 13 लाखांवर. हे पैसे तुमचेच, दरमहा थोडे थोडे सुटतात, पण वर्षभरात नोकरी लागली नाही तर तेवढ्याला चाट. शोधाच्या काळात आठवड्याला 20 तास काम करता येतं. केळीच्या पैशावर किंवा जमीन गहाण टाकून हा डाव खेळू नका. ए2 ची भाषा घेऊन फिरणाऱ्याला रेस्टॉरंटच्या भांड्यांपलीकडे काम मिळणं अवघड असतं.

इंजिनिअर आणि आयटीवाल्यांचं सोपं आहे: ब्लू कार्डला (पदवीधरांचा कामाचा परवाना) 2025 साठी किमान पगार 48,300 युरो, टंचाईच्या व्यवसायांना 43,759.80. विद्यापीठाची आनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीतली नोंद तपासा, हवं तर 208 युरो भरून पदवीचं समकक्षता पत्र घ्या.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा अनुभवावर. दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा भुसावळात ठेकेदाराकडे सहा वर्षं काम केलेल्या माणसाकडे दाखवायला काय असतं? ठेकेदाराच्या लेटरहेडवर दोन ओळी, ‘प्रामाणिक व होतकरू आहे’. त्याने भागत नाही. कामाचं नाव, रुजू तारीख, सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास आणि नेमकं काय केलं हे सगळं त्या पत्रात हवं. कोणती मशीन, कोणतं ड्रॉइंग, किती व्होल्टेजचं पॅनेल, असं. सोबत पीएफचं पासबुक जोडा. त्यातल्या तारखा पत्राशी जुळल्या पाहिजेत. ठेकेदार दर वर्षी फर्मचं नाव बदलत असेल तर प्रत्येक फर्मचं वेगळं पत्र घ्या, आणि काम चालू असतानाच घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.

नावाचाही घोळ असतोच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. दोन्हीकडे स्पेलिंग एकच हवं. ‘चौधरी’ची दोन स्पेलिंगं एका फाइलीत दिसली की खुलासा मागतात. पासपोर्टवर आडनावाची ओळ रिकामी असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या.

अपॉस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्यावर, पैसे घालवू नका. भारत त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण भारताच्या बाबतीत जर्मनीने हरकत नोंदवली आहे, त्यामुळे आपला अपॉस्टिल तिथे ग्राह्य नाही. जन्म किंवा विवाह दाखल्याबद्दल शंका आली तर वकिलात माणूस पाठवून पडताळणी करते, आणि त्यात महिने जातात. बायको-मुलांना नंतर न्यायचं असेल तर ग्रामपंचायतीतली नोंद आताच बघून ठेवा.

नर्सिंगला पूर्ण मान्यतेशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. जीएनएम किंवा बीएस्सी असेल तर विषयवार तासांची ट्रान्स्क्रिप्ट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि बी2 जर्मन लागते. कमी पडलेल्या तासांची यादी हातात येते. मग जुळवणीचा कोर्स किंवा परीक्षा. तोवर पगार सहायकाचा. एएनएमवर नर्सची मान्यता मिळत नाही, कुणी काहीही सांगो. करारात ‘अमुक वर्षांआधी सोडल्यास इतके हजार युरो परत’ असं कलम आहे का, ते सहीआधी वाचा.

एजंटचं म्हणाल तर परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. सात-आठ लाख मागणारा कशाचे पैसे घेतो, ते लेखी मागा. खरी घाई करायची असेल तर मालकाला सांगा: तो जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयात 411 युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. संमती मिळाली की वकिलातीची तारीख तीन आठवड्यांत मिळते आणि निकालही साधारण तेवढ्याच वेळात लागतो. एजंटची ओळख हे काम करत नाही.

पगाराचा आकडा ऐकून घरी पेढे वाटण्याआधी ब्रुटो (कपातीआधीचा) आणि नेटो (हातात येणारा) यांतला फरक समजून घ्या. महिना 3,000 युरो ब्रुटो असलेल्या एकट्या माणसाच्या हाती 2,050 ते 2,100 येतात. लग्न झालंय म्हणून कर कमी लागेल असं गृहीत धरू नका. बायको चोपड्यात आणि तुम्ही श्टुटगार्टात असाल तर करवर्ग अविवाहिताचाच. घरात टीव्ही नसला तरी दर घरामागे महिना 18.36 युरो प्रसारण शुल्क, आणि घराचं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. भाडेकरार दाखवून चालत नाही, घरमालकाचं ठराविक नमुन्यातलं सहीचं पत्र लागतं. खोली बघतानाच ते देणार का हे विचारा. नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने येतो, बँकेचं कार्डही टपालाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात. आणि पोस्टमन फ्लॅट नंबर शोधत नाही, पेटीवरचं आडनाव वाचतो. चौघांत खोली घेतली असेल तर चारही आडनावं पेटीवर चिकटवा.