प्रोसेसरवरची जुनी पेस्ट: घासू नका, भिजवा

प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेण्यासाठी दोघांच्या मध्ये लावलेली थर्मल पेस्ट जुनी झाली की पुसून नवी लावतात. ती पुसताना प्रोसेसर सहसा बिघडत नाही. बिघडतो तो त्याच्या आधी, कूलर उचलताना. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या खाचेत) प्रोसेसर नुसत्या पिनांच्या पकडीवर बसलेला असतो, वरून दाबून धरायला चौकट नसते. पेस्ट वाळून घट्ट झालेली असताना कूलर सरळ वर ओढला, की सॉकेटचा लीव्हर बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपसून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी कॉम्प्युटर दहाएक मिनिटं जड कामावर चालवा, पेस्ट जरा मऊ पडते. मग बंद करून पॉवर केबल काढा, फॅनची वायर सोडवा, स्क्रू काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत राहा. पकड सुटली की हाताला कळतं, तेव्हाच उचला. इंटेलच्या एलजीए सॉकेटवर आणि एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर प्रोसेसर दाबून धरणारी धातूची चौकट असते, तिथे ही भीती नाही.

प्रोसेसर सॉकेटमधून काढू नका. एलजीएमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. त्या उघड्या पडल्या आणि टिश्यूचा धागा अडकला, की नसता उद्योग मागे लागतो.

आता पेस्ट भिजवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं उत्तम, ९० च्या वरचं चालतं. ७० टक्क्यांच्या बाटलीत बरंच पाणी असतं, ते सुकायला वेळ लागतो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा डब्ल्यूडी-४० नको: पहिल्यात रंग-सुगंध-तेलं असू शकतात आणि त्यातलं ॲसिटोन काही प्लास्टिक खातं, दुसरं तेलाचा थर मागे ठेवतं.

आधी कोरड्या टिश्यूने जाडसर थर उचला. मग अल्कोहोलने ओला केलेला, पण न गळणारा टिश्यू प्रोसेसरवर मिनिटभर तसाच ठेवा. पेस्ट म्हणजे बहुतेकदा सिलिकॉन तेलात कालवलेली बारीक पूड. जुन्या पेस्टमधलं तेल निघून गेलेलं असतं, म्हणून ती खडूसारखी होते आणि घासून हटत नाही, भिजून हटते. कडेकडून मध्याकडे पुसा, दर वेळी टिश्यूची कोरी बाजू घ्या. शेवटी धागे न सोडणारं कापड फिरवा. त्यावर करडा डाग उमटेनासा झाला की झालं. नंतर बोट लावू नका.

हट्टी कडांना प्लास्टिकचं जुनं कार्ड चालतं, स्क्रूड्रायव्हर नाही. लॅपटॉपमध्ये तर कार्डही नको: तिथे प्रोसेसरवर सहसा धातूचं झाकण नसतं, उघड्या डायच्या (सिलिकॉन चिपच्या) कोपऱ्याचा टवका उडतो. शिवाय लॅपटॉप उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची, आणि शेजारच्या मऊ थर्मल पॅडवर अल्कोहोल सांडू द्यायचं नाही.

एएम५ प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या खाचांमध्ये कपॅसिटर नावाचे इवलेसे विद्युत भाग असतात. तिथे गेलेली साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ती कोरून काढण्याचा अट्टाहास नको. फार तर ओला इअरबड.

चकचकीत, पाऱ्यासारखं काही दिसलं तर ते लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावलेला द्रव धातू आहे. त्यातलं गॅलियम वीज वाहून नेतं, म्हणून थेंब मदरबोर्डवर ओघळू न देता कोरड्या इअरबडने टिपा. कूलरच्या तांब्यावर राखाडी डाग राहतो, तो तसाच ठेवला तरी चालतो. कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल, तर गॅलियम तो पोखरतं. तो कूलर बदलाच.