आधी शिवार, मग टर्बाइन: आमची वाटचाल

आमचं काम लहान जलविद्युत संचांचं. पाच किलोवॅटपासून शे-सव्वाशे किलोवॅटपर्यंतची टर्बाइन आम्ही बनवतो, बसवतो, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी बसवलेली दुरुस्त करण्यात घालवतो. सुरुवात मात्र पंपांपासून झाली. एक लेथ, वेल्डिंगचा संच आणि मोटार रिवाइंडिंगचं टेबल, एवढ्यावर वर्कशॉप उभं राहिलं. शेतकऱ्यांचे पंप यायचे. कुणाचं बेअरिंग वाजायचं, कुणाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, झिजलेला, कुणाचा शाफ्ट वाकलेला. पंपाच्या पोटात पाणी नेमकं कसं वागतं हे हाताला कळलं ते तिथे.

टर्बाइनकडे वळलो तेही पंपाच्याच वाटेने. सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवला की तो टर्बाइन होतो. वरून पाइपातून दाबाने येणारं पाणी त्याच्या डिलिव्हरीच्या तोंडात सोडायचं. इंपेलर उलट दिशेने फिरायला लागतो आणि पंपाचीच इंडक्शन मोटार, योग्य कपॅसिटर जोडले की, वीज द्यायला लागते. डोंगरातल्या एका वस्तीला आम्ही पहिला संच दिला तो असाच. सुटे भाग कुठेही मिळतात, पंपाच्या कुठल्याही मेस्त्रीला दुरुस्ती जमते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. पण पंपाला पाणी कमी-जास्त करणारी पाती नसतात. ठरलेल्या मापाने पाणी येतंय तोवर तो उत्तम चालतो. प्रवाह निम्म्यावर आला की कार्यक्षमता कोसळते. ओढ्याचं पाणी तर ऋतूप्रमाणे बदलणारच. म्हणून मग क्रॉसफ्लो शिकलो.

क्रॉसफ्लो टर्बाइन लहान वर्कशॉपसाठीच घडवलं गेलंय असं मला आजही वाटतं. ऑस्ट्रेलियाचे अँथनी मिशेल, हंगेरीचे प्राध्यापक डोनाट बांकी आणि जर्मनीचे फ्रिट्झ ऑसबर्गर या तिघांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. दोन गोल चकत्या, त्यांच्यामध्ये पोलादी पाइप उभा कापून काढलेली वाकडी पाती, आणि त्यातून आरपार जाणारं पाणी. आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा ते पात्यांना ढकलतं. फ्रान्सिस जातीच्या टर्बाइनच्या रनरला, म्हणजे फिरत्या चाकाला, अवघड ओतकाम लागतं, पेल्टन जातीच्या टर्बाइनमध्ये जोडवाट्यांचं वळण अचूक साधावं लागतं. इथे चांगला वेल्डर, नीट केलेलं बॅलन्सिंग आणि धीर असला की काम होतं. शिवाय पाण्याचं तोंड दोन भागांत विभागता येतं, त्यामुळे पाणी आटलं तरी एका भागावर यंत्र चालू राहतं. नेपाळमधल्या स्थानिक कारखान्यांनी 1970 च्या दशकापासून याच टर्बाइनवर डोंगराळ गावं उभी केली. तिथली रीत फार शहाणपणाची: टर्बाइनच्या पट्ट्यावर दिवसा दळण, भातसडणी, तेलघाणा, आणि अंधार पडला की तोच पट्टा जनरेटरवर. आम्ही संचाची आखणी करताना अजूनही हाच क्रम धरतो. नुसत्या दिव्यांवर संच तगत नाही. दिवे चार-पाच तास लागतात, पाणी मात्र चोवीस तास वाहतं. दिवसाच्या विजेला गिऱ्हाईक नसेल तर देखभालीचा पैसा येणार कुठून?

हिशेब तसा सोपा आहे आणि प्रत्येक गावाने तो स्वतः करून पाहावा असा आमचा आग्रह असतो. सेकंदाला येणारं पाणी घनमीटरमध्ये, पाणी पडण्याची उंची मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार आणि त्याला 9.81 ने गुणायचं. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. सेकंदाला 100 लिटर पाणी आणि 20 मीटर उंची असेल तर कागदावर 19.6 किलोवॅट. पाइपातलं घर्षण, टर्बाइन, पट्टा, जनरेटर यांचा वाटा वजा जाता लहान संचात साधारण 12 किलोवॅट हाती लागतात. आकडा छोटा वाटतो. पण हे 12 किलोवॅट रात्रंदिवस चालले तर दिवसाला 288 युनिट होतात. पिठाची गिरणी, भात सडायचं यंत्र, दवाखान्यातला लसींचा फ्रिज आणि वस्तीतल्या घरांचे दिवे यांना, वेळा वाटून घेतल्या तर, तेवढी वीज पुरते.

आता ज्या गोष्टीने आमच्या कामाची दिशा ठरवली, ती सांगतो. पाटाच्या पाण्यावर संच बसवायचा होता. गावची बैठक भरली. मी आकडेमोड मांडली आणि मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, "साहेब, पाण्यातली वीज तुम्ही काढून घेतल्यावर पाण्यात दम काय राहणार? पिकाला मग चोथाच ना?" बैठकीत कुणी हसलं नाही, कारण ही शंका बऱ्याच जणांच्या मनात होती. मी म्हटलं, "आजोबा, यंत्र पाण्याला शिवतं तेवढंच. वर जेवढं पाणी आत जातं तेवढंच खाली बाहेर येतं. आम्ही घेतो ते त्याच्या पडण्याचं बळ, जे एरवी दगडांवर आपटून वाया जातं." ते म्हणाले, "बरं. मग ते पाणी आमच्या पाळीला येईल का, एवढंच सांगा."

खरा प्रश्न हाच होता. पाण्याचा थेंबही कमी होत नाही हे खरं, पण पाणी कधी आणि कुठे सोडलं जाईल हे वीज ठरवायला लागली की शेतकरी अडचणीत येतो. विजेची मागणी संध्याकाळी चढते. उसाची किंवा भाताची पाळी पहाटेची असू शकते. वीजघराने संध्याकाळसाठी पाणी अडवून धरलं तर खालच्या चारीवरचा माणूस रात्रभर कोरड्या बांधावर बसून राहतो. आणि पाणी दुसऱ्या खोऱ्यात उतरवलं तर शिवार त्याला कायमचंच मुकतं.

याची मोठी उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो मुंबईला वीज देण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणात जमिनी बुडणार म्हणून. कोयनेचा प्रकल्प ही तर महाराष्ट्राच्या उद्योगांची मोठी शिदोरी, 1960 मेगावॅटची. पण तिथे कृष्णा खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळतं. म्हणून तर कृष्णा पाणीवाटप लवादाला या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घालावी लागली. पाऊस कमी झालेल्या वर्षी वीज आधी की सिंचन आधी, हा वाद तिथे दर वेळी डोकं वर काढतो. ज्यांनी घरं-जमिनी दिल्या त्यांच्या वाट्याला विजेतलं काय आलं, हा प्रश्न मी मोठ्या प्रकल्पांबद्दल कुणाशीही बोलताना विचारतो. वीज शेकडो किलोमीटर दूर जाते आणि धरणाशेजारच्या वाडीत अंधार राहतो, हे मला कुठल्याच हिशेबात मान्य होत नाही.

त्या बैठकीनंतर आम्ही एक नियम केला. पाटावर किंवा बंधाऱ्याखाली संच बसवायचा तर आधी पाणीवाटपाचं वेळापत्रक हातात घ्यायचं, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासोबत एक पाळी पूर्ण चालून पाहायची आणि टर्बाइनचं माप त्या पाळीला जुळवायचं. पाळी टर्बाइनसाठी हलवायची नाही. प्रत्येक संचाला बगलेचा मार्ग ठेवायचा, म्हणजे यंत्र बंद पडलं तरी पाणी न थांबता खाली जाईल. बगलेच्या दाराची किल्ली पाटकऱ्याकडे असते, आमच्याकडे नाही. यामुळे आमचे संच कागदावर असू शकले असते त्यापेक्षा लहान निघतात, आणि एक-दोन मोठी कामं आम्ही सोडूनही दिली. पण या नियमाखाली बसवलेल्या कुठल्याही संचावरून पाण्याची भांडणं झाली नाहीत.

कालव्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कालवा उतारावरून नेताना पाण्याचा वेग आवरण्यासाठी ठिकठिकाणी पायऱ्या द्याव्या लागतात. तिथे पाणी धबकन खाली पडतं आणि त्याचं बळ मुद्दाम काँक्रीटच्या कुंडीत जिरवलं जातं. ही सगळी जागा विजेची आहे. नवं धरण नाही, नवं बुडित नाही, पाणी शेताकडेच निघालेलं. उंची दोन-तीन मीटरच असते, म्हणून तिथे कॅप्लान जातीचं, पंख्यासारख्या पात्यांचं, किंवा आर्किमिडीजच्या मळसूत्रासारखं टर्बाइन लागतं. मळसूत्र सावकाश फिरतं, त्यातून मासे बहुतेक सुखरूप खाली उतरतात आणि बारीक कचराही निघून जातो. गैरसोय एकच: कालवा बंद म्हणजे वीज बंद. त्यामुळे असा संच ग्रिडला, म्हणजे मोठ्या वीजजाळ्याला, जोडलेलाच बरा.

यंत्र मोडतं कशाने, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: गाळ आणि पालापाचोळा. वर्कशॉपमध्ये नव्या मुलाला मी आधी झिजलेली पेल्टनची वाटी हातात देतो. पेल्टनच्या वाटीच्या मधोमध एक धार असते, येणारा फवारा तिच्यावर बरोबर दोन भागांत फुटतो. लेस्टर पेल्टन यांचं 1880 चं पेटंट त्या विभागलेल्या वाटीचंच. नवी वाटी हातात घेतली तर ती धार बोटाला लागते. एक पावसाळा गढूळ पाणी खाल्लेल्या वाटीची धार बोथट, रुंद झालेली असते, कडा खरवडल्यासारख्या, आणि आतल्या पृष्ठभागावर पाण्याच्या दिशेने बारीक लाटा उमटलेल्या. गारगोटीचा कण पोलादापेक्षा कठीण असतो. सेकंदाला तीस-चाळीस मीटर वेगाने तो येऊन घासला की दुसरं काय होणार? हिमालयातल्या नद्यांवर तर पंधराशे मेगावॅटच्या नाथपा झाक्रीसारख्या प्रकल्पालाही पूर आणि गाळ वाढला की संच थांबवावे लागतात. म्हणून गाळ बसायची टाकी आम्ही कधीच आखडती घेत नाही. तिथे पाणी इतकं संथ व्हायला हवं की 0.2 मिलिमीटरच्या वरचे बहुतेक कण तळाशी बसतील, आणि टाकी धुवायचं दार एकट्या माणसाला उघडता यायला हवं. दोन माणसं लागणारं दार पावसात उघडलंच जात नाही.

आमच्या एका संचाची चालक एक बाई आहे. पहिल्या पावसात पाणी आत घेण्याच्या तोंडावरची जाळी तुंबली की टर्बाइनचा आवाज बदलतो, ती तो आवाज घरात झोपेत ओळखते. रात्री बॅटरी घेऊन वर जाते, लांब दांड्याच्या दाताळ्याने जाळीवरचा पाला खालून वर ओढते, कारण वरून खाली ढकलला तर तो गजांत आणखी रुतून बसतो. ही गोष्ट तिने आम्हाला शिकवली. त्यानंतर जाळ्या आम्ही उभ्या न ठेवता तिरक्या बसवायला लागलो आणि गज फक्त उभे ठेवले, आडवे मागच्या बाजूला गेले, म्हणजे दाताळं अडकत नाही. ताईंचा पगार गावच्या समितीतून जातो, तोही दर घरामागच्या वर्गणीतून. जिथे चालकाला नियमित पगार मिळतो तिथला संच टिकतो. एका योजनेत आम्ही संच बसवून दिला, तिथे पैशाची तरतूद उद्घाटनापर्यंतच होती. चालकाला काही मिळेना, तो कामाला बाहेरगावी गेला आणि चांगलं यंत्र गंजत पडलं. याचा राग मला अजून आहे.

लोक विचारतात, आता सोलर इतकं पसरलं, मग पाण्याची वीज कशाला? जगातल्या एकूण विजेपैकी सातवा हिस्सा आजही पाण्यापासून येतो आणि नॉर्वेसारख्या देशात तर दहातले जवळपास नऊ भाग. त्याहून महत्त्वाचं, पाण्याची वीज हाकेला धावून येते. जलाशयावरचा संच काही मिनिटांत पूर्ण भाराला येतो, सूर्य मावळताना नेमका तेव्हाच हात देतो. घाटघरसारखे उदंचन प्रकल्प जास्तीच्या विजेवर पाणी वर चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. पाणी चढवायला जेवढी वीज लागते त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास परत मिळते. लहान गावातही आम्ही आता दोन्ही मिळून बसवतो: उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा सोलर भरात असतं, आणि पावसाळ्यात ढग दाटतात तेव्हा ओढा भरून वाहतो.

ग्रिडची तार गावात आली की लहान संचाचं काय करायचं, हा सध्या आमच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी तार आली त्याच वर्षी संच बंद पडले. आम्ही त्यातले काही पुन्हा उभे करतोय, ग्रिडशी जुळवून घेणारे कंट्रोलर लावून. पूर्वी जास्तीची वीज लोड कंट्रोलरमार्फत हीटरमध्ये जाळून टाकायचो, वारंवारता 50 हर्ट्झवर राखण्यासाठी. तीच वीज ग्रिडमध्ये गेली तर समितीला उत्पन्न होईल. परवानग्या आणि मीटरचं काम संथ चालतं, पण चालतं.

नव्या चौकशा येतात तेव्हा फोनवर आम्ही एकच काम सांगतो. पावसाळ्यातल्या धबधब्याचा फोटो पाठवू नका, तो आम्हाला उपयोगाचा नाही. सगळ्यात कोरड्या महिन्यात ओढ्याचं पाणी एका जागी वळवा, माप माहीत असलेल्या पिंपात सोडा, भरायला किती सेकंद लागतात ते पाहा आणि तीन वेळा मोजून लिहून ठेवा. पिंपाने मोजता येणार नाही इतकं जास्त पाणी असेल तर फळीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून ती ओढ्यात आडवी रोवा, खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची खोली मोजा. सोबत खालच्या अंगाला कोणाकोणाची पाळी आहे, त्यांची नावं एका कागदावर लिहून आणा. पहिली भेट त्यांची घ्यायची असते.