कालनिर्णयच्या चौकोनात गोएचाला

आमच्या बडोद्यातल्या दांडियाबाजारच्या घरात दुधाचा हिशेब आई कालनिर्णयवर लिहिते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच चौकोनांत मी दुसरे आकडे घुसवले : १७८०, २२००, ३०००, परत ३०००, ४०००, परत ४०००. सिक्कीममधल्या गोएचाला या खिंडीच्या वाटेवरच्या मुक्कामांच्या या उंच्या, मीटरमध्ये. युक्सम, साचेन, त्शोका, झोंगरी. त्यातले दोन 'परत' मिळवायला मला एक वर्ष लागलं.

मूळ बेत २०२३ चा. भाची म्हणाली, "आत्या, नवरात्र सोडून कधीही चल." बडोद्याच्या मुलीला गरबा बुडवायला सांगण्याची माझी छाती नाही. म्हणून दसरा ते दिवाळी. त्या दिवसांत तिकडे आकाशही स्वच्छ असतं.

एका एजन्सीचं 'सात दिवसांत गोएचाला' असं पत्रक मिळालं. त्यात त्शोकाहून झोंगरी एका दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी लगेच पुढे. आता साधारण दंडक असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच काढावा. इथे एका दिवसात हजार! फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, सगळे जातात." पटलं नव्हतं, तरी पैसे भरले. माझाच आळस.

मग ४ ऑक्टोबरला बातमी आली. उत्तर सिक्कीममधलं साउथ ल्होनाक सरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, तीस्ता नदी सगळं घेऊन खाली आली. युक्सम काही तीस्तेच्या काठी नाही. पण सिलिगुडीहून वर जाणारा महामार्ग १० तिच्याच कडेने जातो, आणि तो जागोजागी तुटला होता. शिवाय तिथे माणसं अजून सापडत नव्हती. अशात हौसेला जायचं आम्हाला दोघींनाही नकोसं वाटलं. आगाऊ रक्कम 'पुढच्या वर्षी वापरा' या वाक्यात अडकली ती अडकलीच.

दुसऱ्या वेळी थेट युक्समच्या एका गाइडला गाठलं. कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानात गाइडशिवाय सोडत नाहीत, परवानाही युक्समलाच होतो. ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो पुरतात. तंबू, स्वयंपाकी, ओझ्याला झो (याक आणि गाईचा संकर), हे सगळं तो बघणार होता. त्याला माझा तक्ता पाठवला. त्याचं उत्तर : झोंगरीला एक दिवस थांबायलाच हवं, त्शोकालाही थांबलात तर वयस्कर माणसंसुद्धा आरामात जातात. मी एकोणपन्नासची. वाक्य गिळलं आणि दोन्ही दिवस तक्त्यात घातले. हजाराची उडी तशीच राहिली, पण तिच्या आधी आणि नंतर एकेक दिवस थांबायला मिळालं.

त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला, धनतेरस २९ ला. मधल्या दिवसांत प्रवास धरून सगळं बसत होतं, फक्त रजा दोन दिवसांनी वाढत होती. साहेब म्हणाले, "दोन दिवस डोंगरात नुसतं बसायचं? मग इथेच बसा की." तरी सही केली.

सरावाला पावागढ. ऑगस्टपासून दर रविवारी माचीपर्यंत गाडीने, पुढे रोपवे न घेता पायऱ्यांनी. पाठीवर पाच किलो तांदूळ. एका गुजराती आजींनी थांबवून विचारलं, "अन्नक्षेत्रमां आपवाना छे?" मी हो म्हटलं असतं तर बरं, कारण तो तांदूळ परत उतरवतानाच गुडघे बोलायला लागले. चढणं छातीचं काम, उतरणं गुडघ्यांचं, हे मला पावागढने शिकवलं. मग काठ्या घेतल्या आणि पायऱ्या उलट मोजत उतरायची सवय केली. विरळ हवेचा सराव मात्र तिथे होत नाही. डोंगरच जेमतेम आठशे मीटरचा. त्यासाठी ते दोन 'परत'.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, लिहून देण्याआधी सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारलं. मला आहे. म्हणजे माझ्यापुरता गोळीचा आधार गेला.

पाठपिशवी मोजायला पस्तीवाल्याचा आकड्याचा काटा मागून आणला आणि दाराच्या वरच्या खिळ्याला टांगला. साडेचौदा किलो. भाचीने जीनची पँट, दुसरा टॉर्च, माझी स्टीलची डबी असं एकेक बाहेर काढलं. माझी डबी निघाली म्हणून मी तिचा पॉवर बँक काढायला लावला, ती म्हणाली थंडीत मोबाइल लवकर मरतो, आणि तो परत आत गेला. (बरोबर होती ती. रात्री मोबाइल झोपण्याच्या पिशवीत घेऊन निजावं लागलं.) शेवटी साडेनऊवर तह झाला.

खाण्याचं मी माझ्या अकलेने केलं आणि निम्मं चुकलं. खाखऱ्याचा दुसऱ्याच दिवशी भुगा झाला, तो आम्ही चमच्याने खाल्ला. वहिनीची सुखडी झोंगरीला तूप गोठून दगड झाली. अर्धा तास जॅकेटच्या आत धरली की दात लागायचे. थेपले चार दिवस उत्तम टिकले. पण खरं तारलं ते आईच्या मेतकुटाने. चार हजार मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. तिथे मऊ भातावर मेतकूट, मीठ आणि वितळवलेलं तूप. स्वयंपाक्याने पुडी हुंगून पाहिली आणि स्वतःच्याही ताटात घेतली. वेष्टनं घरीच काढून सगळं कापडी पिशव्यांत भरलं होतं, कारण युक्समच्या चौकीवर आत नेलेलं प्लॅस्टिक लिहून घेतात आणि परतताना मोजतात.

महामार्ग १० वर पावसाळाभर दरडी पडत होत्या, म्हणून दिल्लीमार्गे न्यू जलपाईगुडी आणि तिथून दार्जिलिंग, जोरथांग असं गेलो. १६ ला कोजागरी युक्सममध्ये, पावडरच्या दुधात केशर-वेलची घालून. चंद्र ढगातच राहिला.

आजारी मी पडेन असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पडली भाची. २० च्या रात्री झोंगरीच्या तंबूत तिचं डोकं ठणकायला लागलं, मग उलटी. गाइड म्हणाला, उद्या इथेच राहायचंय, बघू. त्रास वाढला तर खाली, नाहीतर मुक्काम. दुसरा सबंध दिवस ती पडून राहिली, घोट घोट पाणी पीत. मी तंबूच्या तोंडाशी बसून होते. आमच्याबरोबर त्शोकाहून निघालेला मोठा गट त्या सकाळी पुढे गेला. संध्याकाळी त्यातले दोघे घोड्यावरून मागे आले. भाचीने तेव्हा दोन वाट्या मेतकूट-भात मागितला.

२४ ला पहाटे लामुने या पुढच्या मुक्कामाहून निघून पहिल्या व्ह्यू पॉइंटला पोचलो, साधारण ४६०० मीटर. ऊन आधी कांचनजंगावर, मग पांडिम शिखरावर आलं. हातमोजे काढून फोटो घेतला आणि दहाही बोटं बधिर झाली.

वसुबारसेला घरी आलो. महिनाअखेरीला दूधवाला हिशेबाला आला. आईने माझ्या आकड्यांखाली बारीक अक्षरात 'अर्धा लि.' लिहून ठेवलं होतं. तो चष्मा लावून बराच वेळ २१ तारखेच्या चौकोनाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बा, आ चार हजार शेना?"