संग्रहाची नोंद: डिस्कवर खरंच किती गेम आहे?

पीएस४च्या (प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलच्या) डिस्कची तपासणी या फेरीत संपली. वीस वर्षांनी कुठली डिस्क लोक शोधत फिरतील, हे आजच्या भावावरून ठरवू नये. सर्व्हर बंद पडल्यावरही जी चालेल ती आधी जपायची, याच कसोटीवर कपाट लावलं आहे.

तपासणी अशी. 'सेटिंग्ज'मधल्या 'नेटवर्क'मध्ये जाऊन इंटरनेटची खूण काढायची. गेम आधीपासून असेल तर पूर्ण डिलीट करायचा. नाहीतर पॅच (नंतर इंटरनेटवरून उतरलेली दुरुस्ती) तसाच राहतो आणि निकाल खोटा येतो. युजरही नवा घ्यायचा, कारण पॅच केलेल्या गेमचं सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) बिनपॅच गेममध्ये बऱ्याचदा उघडत नाही. मग डिस्क घालून इन्स्टॉल पूर्ण होऊ द्यायचं आणि 'ऑप्शन्स' दाबून 'इन्फर्मेशन'मध्ये आवृत्ती बघून लिहून ठेवायची. पहिल्या छपाईवर, म्हणजे पहिल्या खेपेच्या डिस्कवर, बहुधा १.०० दिसतं.

नुसता मेन्यू उघडला म्हणून डिस्क पास करू नका, निदान तासभर खेळा. 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५'च्या (२०१५) डिस्कवर ४.६ जीबी आहेत आणि पहिल्या दिवसाचा पॅच ७.७ जीबीचा, तो नसेल तर ट्युटोरियल आणि पार्क बनवण्याचा भाग, एवढंच हाती लागतं. 'द क्रू'चं दुखणं वेगळं. डिस्क ठणठणीत, पण ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्यांच्यासोबत गेला. असे गेम फक्त वेष्टन म्हणून ठेवावेत, वेगळ्या खणात.

पहिल्या छपाईचा हट्ट मात्र सोडायला हवा. 'होरायझन झीरो डॉन'ची कम्प्लीट एडिशन घेतली तर 'फ्रोझन वाइल्ड्स' हे त्याचं नंतर आलेलं जोडप्रकरण डिस्कवरच मिळतं. पहिल्या छपाईवर ते नाही. खेळणाऱ्याच्या संग्रहात उशिराची छपाई वरचढ.

आता कन्सोल. पीएस४च्या बोर्डावर सीआर२०३२ बॅटरी असते, ती घड्याळ चालू ठेवते. जुन्या फर्मवेअरवर (कन्सोलच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) ही बॅटरी मेली आणि पीएसएनशी, म्हणजे प्लेस्टेशनच्या ऑनलाइन नेटवर्कशी, जोडणीही नसली, तर वेळ जुळत नाही, ट्रॉफीची (गेममध्ये मिळणाऱ्या बक्षिसांची) यंत्रणा अडते आणि गेम सुरूच होत नाही. सप्टेंबर २०२१च्या ९.०० फर्मवेअरने ही अडचण दूर झाली. म्हणून माळ्यावर पडलेल्या पीएस४चं फर्मवेअर आजच पाहून घ्या.

फर्मवेअरची फाइल पेनड्राइव्हवरही जपून ठेवा: ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यात 'पीएस४' फोल्डर, त्याच्या आत 'अपडेट', फोल्डरची नावं इंग्रजी मोठ्या लिपीत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नेहमीच्या अपडेटची छोटी फाइल ठेवणं. हार्ड डिस्क बदलली की ती चालत नाही, पूर्ण रीइन्स्टॉलची मोठी फाइलच लागते. दोन्ही फाइलींचं नाव एकच असल्याने आकार बघूनच ओळखाव्या लागतात. मग पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून सेफ मोड उघडायचा आणि सातवा पर्याय निवडायचा.

सर्वांत मोठी काळजी सीलबंद हँडहेल्ड (हातात धरून खेळायच्या) कन्सोलची आहे. सीलबंद गेम कपाटात शांत बसतो, पण निन्टेन्डोच्या स्विचच्या डब्यात ४३१० एमएएचची लिथियम बॅटरी आहे आणि शिवाय प्रत्येक जॉय-कॉनमध्ये (बाजूच्या सुट्या कंट्रोलरमध्ये) ५२५ एमएएचची. निन्टेन्डो स्वतः सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करायला सांगते. सील न फोडता ते करता येत नाही, आणि वर्षानुवर्षं तळाला गेलेला सेल पुन्हा चार्ज घेईलच असं नाही. डबा उघडून, निम्म्या चार्जवर ठेवून, दर चार महिन्यांनी बघावं, हेच आमचं ठाम मत. व्हीटा, थ्रीडीएस हे हँडहेल्ड आणि पीएस४चा कंट्रोलर ड्युअलशॉक ४ यांच्या दोन भागांच्या सांध्यावरून नख फिरवा. पूर्वी सपाट असलेली फट नखाला अडली तर सेल फुगतोय. चार्जिंग तिथेच थांबवा, टोचू नका, दाबून झाकण बसवू नका.

स्विच २चे गेम घेताना डब्याच्या पुढच्या बाजूची खालची पट्टी वाचा. 'गेम-की कार्ड' लिहिलं असेल तर कार्डात गेम नाही, फक्त डाउनलोडची किल्ली आहे. 'सायबरपंक २०७७' मात्र ६४ जीबीच्या कार्डावर अख्खा आहे.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डिस्कच्या आधी डब्यातला कागद जातो. कोपऱ्यावर करड्या ठिपक्यांची बुरशी धरते. हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत सिलिका जेल आणि शेजारी छोटं हायग्रोमीटर ठेवा. काटा ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास हवा, ६०च्या वर गेला की जेल बदला. कागद ओलसर लागला तर पंख्याखाली सुकवूनच आत सरकवा, उन्हात नको, रंग उडतो.

पुढच्या फेरीत पीएस५च्या डिस्क. वेगळा मिळणारा डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, तेव्हा ज्यांच्याकडे तो अजून डब्यात आहे त्यांनी आत्ताच जोडून घ्यावा.